पावसाचा दिवस केव्हा सुरू होतो?

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीसाठी नदीच्या दोन्ही तीरांवर माणसे जमतात, आणि नदीला पाणी किती आहे हा प्रश्न त्या दिवशी साहजिकच निघतो. समजा, एखाद्या वर्षी पोळ्याचा सबंध दिवस कोरडा गेला. बैल सजले, तोरण तुटले, मंडळी जेवून झोपली, आणि मग रात्री एक वाजता पावसाने सुरुवात केली. पहाटे पाचपर्यंत तो कोसळत होता. आता हा पाऊस कोणत्या दिवशी पडला?

प्रश्न भाबडा वाटतो, पण त्याची उत्तरे तीन आहेत. पंचांग सांगेल की वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून पाऊस पोळ्याच्याच दिवशी पडला. भिंतीवरचे कॅलेंडर सांगेल की मध्यरात्री तारीख उलटली, म्हणून तो दुसऱ्या दिवसाचा. पर्जन्यमापकाची नोंदवही याहून वेगळे सांगेल. तिच्या दृष्टीने पोळ्याच्या सकाळी साडेआठ वाजता एक दिवस सुरू झाला आणि दुसऱ्या सकाळी साडेआठ वाजता तो संपला. पाऊस त्या चोवीस तासांतला आहे. मात्र नोंदीवर तारीख पडेल ती दुसऱ्या दिवसाची.

आता यात अंदाजाची भर घाला. वेधशाळेने अगोदर सांगितले होते की पोळ्याला पाऊस येईल. कोरड्या अंगणात दिवसभर बैल मिरवणारा माणूस म्हणेल, अंदाज खोटा ठरला. साडेआठ ते साडेआठ हा हिशेब धरणारा म्हणेल, अंदाज तंतोतंत खरा ठरला. पाऊस एकच, अंदाजही एकच, आणि निवाडे मात्र परस्परविरुद्ध. दोघांपैकी कोणीही लबाडी केलेली नाही. दोघांनी वेळेच्या दोन निरनिराळ्या चौकटी वापरल्या, एवढेच. ही चौकट एक करण्याची खटपट शंभराहून अधिक वर्षे चालली आहे, आणि तिचा इतिहास मनोरंजक तसाच उद्बोधकही आहे.

पाऊस मोजण्याची कल्पना या देशाला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे, आणि अश्मक, अवंती अशा निरनिराळ्या देशांचे पर्जन्यमानही द्रोणांत दिले आहे. शेतकऱ्याने मात्र पावसाचा काळ नक्षत्रांनी मोजला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त अशी ही नक्षत्रांची माळ होय. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. पंचांगातील पावसाचे भाकीत या तेरा-चौदा दिवसांसाठी असते, आणि त्यासोबत बेडूक, म्हैस, हत्ती, कोल्हा अशी वाहनेही दिलेली असतात. मृगात पाऊस येईल असे म्हटले आणि त्या पंधरवड्यात एखादी चांगली सर आली, तर भाकीत खरे ठरले असे मानले जाते. चौकट जितकी रुंद, तितके भाकीत खरे ठरणे सोपे. परंतु पेरणी कोणत्या दिवशी करावी या प्रश्नाला पंधरा दिवसांची चौकट उत्तर देऊ शकत नाही. बी मातीत पडल्यावर पाऊस दोन दिवसांनी येतो की बारा दिवसांनी, यावर शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते.

आधुनिक पद्धतीच्या पर्जन्यनोंदी इंग्रजी अमदानीत वाढल्या. पाच इंच व्यासाच्या तोंडाचा सायमन्स पर्जन्यमापक पुढे देशभर रूढ झाला. जॉर्ज जेम्स सायमन्स या इंग्रज गृहस्थाने 1860 पासून ब्रिटनमध्ये पर्जन्यनोंदी गोळा करण्याचे काम आरंभले आणि हौशी निरीक्षकांचे मोठे जाळे उभे केले, त्यांच्या नावाने हे उपकरण ओळखले जाते. हिंदुस्थानात 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. तोपर्यंत पर्जन्यमापक पुष्कळ ठिकाणी होते, पण नोंदीची पद्धत प्रांतोप्रांती सारखी नव्हती. 1890 मध्ये सरकारने पर्जन्यनोंदीविषयी ठराव केला. बहुसंख्य प्रांतिक सरकारांनी तो मान्य केला आणि पद्धतीत एकसूत्रीपणा येऊ लागला. पर्जन्यमापक सकाळी आठ वाजता वाचावा, हा शिरस्ता पडला.

पण आठ वाजता म्हणजे कोणाच्या घड्याळाप्रमाणे? त्या काळी प्रत्येक गावाची वेळ तेथील सूर्यावर ठरत असे. रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावत, मुंबईची वेळ निराळी आणि कलकत्त्याची निराळी. 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर आधारलेली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. तरीही मुंबईकरांनी एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. पांढुर्णा सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर अंश रेखांशावर आहे. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने पांढुर्ण्याचा सूर्य प्रमाणवेळेच्या सोळा मिनिटे मागे चालतो. येथे स्थानिक वेळेचे आठ वाजत, तेव्हा प्रमाणवेळेच्या घड्याळात आठ वाजून सोळा मिनिटे झालेली असत. पुढे वाचनाची वेळ प्रमाणवेळेने सकाळी साडेआठ अशी निश्चित झाली. ग्रीनिचच्या घड्याळात तेव्हा बरोबर पहाटेचे तीन वाजतात. जगभरच्या वेधशाळा ठराविक ग्रीनिच वेळांनाच एकाच क्षणी निरीक्षणे घेतात. या मेळामुळे सौंसरच्या पर्जन्यमापकातील नोंद आणि हजारो मैलांवरची नोंद एकाच नकाशावर शेजारी बसू शकते.

सोळा मिनिटांचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु श्रावणातील एखादी सर सोळा मिनिटांत इंचभर पाणी ओतून जाते, हे या भागातील कोणालाही सांगावयास नको.

वेळ ठरली, तरी तारखेचा घोळ राहतो. सकाळी वाचलेला पाऊस कोणत्या तारखेच्या खाती टाकावा? ब्रिटनमध्ये सकाळी नऊला मोजलेला पाऊस आदल्या तारखेच्या नावे लिहिण्याची रीत पडली. चोवीस तासांपैकी पंधरा तास आदल्या दिवसाचे असतात, हा त्यामागचा विचार. भारतात ज्या सकाळी मोजला त्याच सकाळची तारीख पडते. दोन्ही रीती आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र एका देशाच्या नोंदी दुसऱ्या रीतीने वाचल्या तर सगळा पाऊस एका दिवसाने सरकतो. भारतीय रीतीप्रमाणे 1 जूनच्या नोंदीत प्रत्यक्षात 31 मेचे साडेपंधरा तास असतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांचा आपला सरकारी हिशेब या नोंदीपासूनच सुरू होतो.

या घोळाचे सर्वांना आठवणारे उदाहरण मुंबईचे आहे. 2005 च्या जुलै महिन्यात मुंबई पाण्याखाली गेली. तो दिवस लोकांच्या स्मरणात 26 जुलै म्हणून कोरला गेला आहे. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि हा आकडा नोंदवहीत 27 जुलैच्या सकाळी साडेआठचा म्हणून आहे. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला अवघा 73 मिलिमीटर पाऊस पडला. एखाद्या अभ्यासकाने केवळ तारखा जुळवून 26 जुलैचा अंदाज आणि 26 जुलैची नोंद समोरासमोर ठेवली, तर त्याला महापुराच्या जागी आदल्या दिवसाचा पाऊस सापडेल. अंदाजात मुसळधार पाऊस असता, तर तो खोटा ठरला असता. अंदाजात किरकोळ पाऊस असता, तर तो खरा ठरला असता. तपासणी चुकीची असली की खऱ्याला शिक्षा आणि खोट्याला बक्षीस मिळते, ते असे.

अंदाज तपासण्याचा इतिहासही वेधशाळांइतकाच जुना आहे. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचे अनुमान काढण्याचे प्रयोग केले आणि 4 जून 1886 रोजी पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला. त्यांच्यानंतर जॉन एलियट आले. 1899 साली अंदाज फसला आणि देशावर भयंकर दुष्काळ कोसळला. मध्य प्रांतातील जनतेने त्याच्या झळा सोसल्या. त्यानंतर काही वर्षे हा अंदाज सर्वसामान्यांसाठी प्रसिद्धच केला जात नव्हता. 1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर हे गणिती खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी भाकिताला आकडेशास्त्राच्या कसोटीवर उभे केले.

याच सुमाराच्या थोडे आधी अमेरिकेत एक बोधप्रद वाद झाला. सार्जंट जॉन फिनले यांनी 1884 मध्ये चक्रवाती वादळांचे अंदाज वर्तवले. त्यांच्या 2803 अंदाजांपैकी 2708 बरोबर आले. म्हणजे शंभरात जवळजवळ सत्त्याण्णव गुण मिळाले. तेव्हा ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूशास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्रत्यक्षात वादळे अवघी 51 वेळा झाली होती. एखाद्याने डोळे मिटून दररोज ‘वादळ होणार नाही’ असे म्हटले असते, तरी त्याला शंभरात अठ्ठ्याण्णवांहून अधिक गुण मिळाले असते. फिनले यांनी ‘वादळ होईल’ असे शंभर वेळा सांगितले होते. त्यांपैकी अठ्ठावीस वेळाच ते झाले. अंदाजाची परीक्षा घेणाऱ्यांना या वादाने एक शिस्त लावली. गुण मोजण्यापूर्वी काय मोजतो आहोत हे ठरवले पाहिजे. कोणती जागा, कोणते तास आणि किती पाऊस, हे ठरल्यावाचून काढलेल्या टक्केवारीला काही किंमत नाही.

भारतात 1945 पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची वार्तापत्रे आकाशवाणीवरून सांगितली जाऊ लागली. 1948 मध्ये नागपूर केंद्र सुरू झाले, आणि अंदाज सामान्य माणसाच्या कानी थेट पडू लागला. कानावर पडलेले भाकीत तपासण्याचे काम ऐकणारा आपोआपच करतो. तो अंगणात पाहतो आणि निकाल देऊन मोकळा होतो. परंतु त्याच्या अंगणातील पाऊस, अंदाजातील पाऊस आणि पर्जन्यमापकातील पाऊस यांचे तास एकच आहेत की नाहीत, हे सहसा कोणी त्याला सांगत नाही.

अंदाज आज गणकयंत्रांवर तयार होतात. त्यांपैकी पुष्कळ गणिते ग्रीनिचच्या मध्यरात्रीच्या निरीक्षणांपासून सुरू होतात. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. यंत्र आरंभापासून पडलेल्या पावसाची बेरीज देत जाते. येथेच तपासणाऱ्याची पहिली चूक होते. तो यंत्राचे पहिले चोवीस तास घेतो, म्हणजे साडेपाच ते साडेपाच, आणि पर्जन्यमापकाच्या साडेआठ ते साडेआठशी त्यांची तुलना करतो.

हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, 10 जुलैच्या पहाटे साडेपाचला गणित सुरू झाले. यंत्राने सांगितले की साडेआठपर्यंत 25 मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यानंतर दुसऱ्या पहाटे साडेपाचपर्यंत आणखी 5 मिलिमीटर. मग कोरडे राहील. प्रत्यक्षातही तसेच घडले. आता 11 तारखेच्या सकाळी कारकुनाने पर्जन्यमापक वाचला, तर त्यात 5 मिलिमीटर पाणी निघेल. आधीचे 25 मिलिमीटर 10 तारखेच्या सकाळीच मोजून ओतून दिलेले आहेत. तपासणारा 30 आणि 5 हे आकडे शेजारी मांडून म्हणेल, यंत्राने पाऊस सहापट फुगवला. वस्तुतः यंत्र अक्षरशः बरोबर होते. योग्य रीत अशी की, सत्तावीस तासांच्या बेरजेतून पहिल्या तीन तासांची बेरीज वजा करावी. तीस वजा पंचवीस म्हणजे पाच. हिशेब जुळला. एवढी एक वजाबाकी न केल्यामुळे चांगला अंदाज वाईट ठरतो.

दुसरी गफलत अंदाज देण्याच्या घटकेची आहे. दुपारी प्रसिद्ध झालेला पहिल्या दिवसाचा अंदाज त्या घटकेपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. पर्जन्यमापकाचा दिवस मात्र त्याच सकाळी साडेआठला सुरू होऊन गेलेला असतो. सकाळी दहाला जोरदार सर येऊन गेली आणि दुपारी ‘आता कोरडे राहील’ असा अंदाज निघाला, तर दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत ती दहाची सर दिसणारच. तिच्यासाठी दुपारच्या अंदाजाला दोष देणे म्हणजे वरात गेल्यावर आलेल्या पाहुण्याला मांडव का घातला नाही म्हणून विचारण्यासारखे आहे.

तिसरी अडचण सीमारेषेची. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तर हवामान खाते त्याला जोरदार पाऊस म्हणते. समजा, सकाळी सहा ते अकरा या वेळात 80 मिलिमीटर पाऊस पडला. नाल्याला पूर आला आणि बांध फुटले. पण साडेआठपूर्वीचे 40 एका दिवसाच्या खाती गेले आणि नंतरचे 40 दुसऱ्या दिवसाच्या. नोंदवहीत दोन्ही दिवस मध्यम पावसाचे ठरले. जोरदार पावसाचा इशारा दिला असेल, तर तो कागदोपत्री खोटा ठरला. फुटलेला बांध मात्र खराच असतो. यावर उपाय म्हणून आपोआप नोंद करणारी उपकरणे आली. त्यांच्या नोंदीतून तासातासाचा पाऊस कळतो आणि चौकट हवी तेथे सरकवता येते.

आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहांनाही हा नियम सुटलेला नाही. उष्ण कटिबंधातील पाऊस मोजण्यासाठी 1997 मध्ये अमेरिका आणि जपान यांनी एक उपग्रह सोडला. त्याच्या आधारे काढलेले तीन-तीन तासांचे आकडे सुप्रसिद्ध आहेत. त्यांतील ‘तीन वाजता’ या आकड्याचा अर्थ तीनच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास असा आहे. आपल्या वेळेने सांगावयाचे, तर सकाळी सात ते दहा. साडेआठची सीमारेषा या आकड्याच्या बरोबर मधून जाते. ही गोष्ट ध्यानात न घेता आठ आकड्यांची बेरीज केली, तर उपग्रहाचा दिवस पर्जन्यमापकाच्या दिवसाशी दीड तासाने फटकून राहतो.

हे सारे शास्त्र शेवटी एका साध्या माणसावर येऊन थांबते. पर्जन्यमापकाजवळ सकाळी साडेआठला उभा राहणारा हा माणूस कार्यालयातील कारकून असतो, कधी शिपाई असतो. चिखल तुडवत यावे, मोजपात्रात पाणी ओतावे, आकडा पाहावा, लिहावा, पाणी टाकून द्यावे आणि पात्र पुन्हा जागी बसवावे, एवढेच त्याचे काम. तो दहाला आला, तर दीड तासाचा पाऊस चुकीच्या दिवसात शिरतो. सुट्टीच्या दिवशी तो आलाच नाही आणि सोमवारी दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले, तर रविवार कोरडा आणि सोमवार अतिवृष्टीचा ठरतो. पुढे कोणी विद्वान शे-दोनशे मैलांवर बसून त्या आकड्यांवरून अंदाजाचा निकाल लावतो. नोंदीतील त्या सोमवारने रविवारचा पाऊस गिळला आहे, हे त्याला कसे कळावे? म्हणून जेथे दोन दिवसांचे पाणी एकत्र मोजले गेले असेल, तेथे तसे स्पष्ट लिहिणे हा नोंदवहीचा धर्म आहे. प्रामाणिक शेऱ्याची किंमत महागड्या यंत्राहून कमी नसते.

पांढुर्णा आणि सौंसर यांना या विषयाचे महत्त्व आगळेच आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा विदर्भ मुंबई राज्यात गेला. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथील बाजार, सोयरीक आणि वर्तमानपत्र यांची ओढ नागपूरकडे आहे. हवामान खात्याच्या विभागणीत मात्र मध्य प्रदेश आणि विदर्भ वेगवेगळ्या उपविभागांत येतात. विदर्भाचा अंदाज ऐकायचा आणि पांढुर्ण्याच्या आभाळावर त्याची परीक्षा घ्यायची, असे येथे सहज घडू शकते. वेळेप्रमाणेच जागाही जुळली पाहिजे, तरच तुलना न्याय्य होईल.

आणि न्याय येथे केवळ वेधशाळेला द्यावयाचा नाही. संत्र्याच्या बागेत आंबिया बहर धरलेला असतो, कपाशीला बोंडे आलेली असतात, भुईमूग उपटून शेतात पसरलेला असतो. फवारणी आज करावी की उद्या, शेंगा आज झाकाव्यात की नाही, याचे निर्णय अंदाजावर घेतले जातात. हवामानावर आधारलेल्या पीकविम्यात तर पर्जन्यमापकाचा आकडाच भरपाई ठरवतो. पाऊस 8 तारखेच्या खाती पडला की 9 तारखेच्या, यावर कोरड्या दिवसांची सलग संख्या बदलू शकते. नोंदवहीतील तारखेच्या एका रकान्यात कधी कधी एका घराचे वर्ष सामावलेले असते.

याहून मोठी हानी विश्वासाची आहे. चार वेळा अंदाज खोटा ठरला असे ज्याला वाटले, तो पाचव्या वेळी इशारा मानीत नाही. त्या चारांपैकी तीन अंदाज खरे होते आणि केवळ तपासणीच्या तासांत चूक होती, हे त्याला कोणी सांगितले नाही. पाचव्या वेळी जाम नदीला किंवा कन्हानला पूर आला, तर त्या अविश्वासाची किंमत माणसांनाच मोजावी लागते.

म्हणून अंदाज ऐकताना आणि त्याची परीक्षा घेताना तीन प्रश्न विचारण्याची सवय असावी. हा अंदाज कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत आहे? तो कोणत्या भागासाठी आहे? आणि मोजलेला पाऊस त्याच तासांतला, त्याच भागातला आहे काय? शाळांतून पर्जन्यमापक ठेवून मुलांना दररोज सकाळी साडेआठला तो वाचावयास लावले, तर ही सवय पुढच्या पिढीत सहज मुरेल. लिहिलेल्या आकड्याशेजारी वाचनाची खरी वेळ लिहावी, आणि उशीर झाला असेल तर तोही लिहावा. पोळ्याच्या रात्री पडलेला पाऊस कोणत्या दिवसाचा, या प्रश्नाचे उत्तर अशा वहीत नक्की सापडेल.